दोनशे बारा घरं गप्प

माझा दादा काय काम करतो असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते, गप्प बसायचं. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करतेय. थट्टा मी करतेच, तो माझा स्वभाव आहे, पण यात खोटं काही नाही. दादा आमच्या गावच्या वाद्यवृंदात झांजा वाजवतो. झांजा, तिकोनी सळई, मोठा ढोल, आणि जे जे आपटून, ठोकून किंवा हलवून वाजतं ते सगळं. पण व्हायोलिनवाले जिथे दोन तास घाम गाळतात, तिथे दादाच्या वाट्याला सात फटके येतात. कधी तीन. एका तुकड्यात तर एकच. उरलेला वेळ तो काळा कोट घालून, पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसतो आणि मोजतो.

मोजतो म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या सुरांच्या कागदांवर उभ्या रेघा असतात. दोन रेघांमधल्या जागेला सगळे बार म्हणतात. पण हा शब्द मुलाच्या तोंडी आला की आई नाक मुरडायची, म्हणून आमच्यात त्याला घर म्हणायची सवय पडली. व्हायोलिनच्या कागदावर प्रत्येक घरात मुंग्यांसारखी गर्दी. दादाच्या कागदावर एक जाड आडवी रेघ आणि तिच्या डोक्यावर आकडा, समजा अठ्ठ्याऐंशी. म्हणजे अठ्ठ्याऐंशी घरं गप्प बस आणि एकोणनव्वदाव्यात पाऊल टाकलंस की वाजव. मध्ये कोणी काही सांगणार नाही.

दादा बोटांच्या पेरांवर मोजतो. डावा अंगठा डाव्या हाताच्या पेरांवरून फिरतो, बारा घरं झाली की उजवा अंगठा उजव्या हाताचं एक पेर पुढे सरकतो. दोन्ही हात भरले की एकशे चव्वेचाळीस. हे त्याचं त्यानेच शोधून काढलेलं यंत्र, आणि ते एकतीस वर्षांत कधी बिघडलं नव्हतं. वाद्यवृंदात त्याला सगळे 'मोजणीदार' म्हणतात. त्याच्या शेजारचा नगारेवाला, जो स्वतः मोजायचा कंटाळा करतो, तो दादाच्या अंगठ्याकडे बघून वाजवतो आणि वर मान ताठ करून फिरतो.

ही सवय सभागृहापुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. दादा जिन्याच्या पायऱ्या मोजतो, वाटाणे सोलताना दाणे मोजतो, दाढी करताना ब्लेडचे फेरे मोजतो. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वहिनीला सर्दी झाली, तेव्हा तो काळजीने म्हणाला होता, "सकाळपासून एकोणतीस शिंका झाल्या." वहिनीला वाटलं, हा माणूस आपली काळजी करतो. मी तेव्हाच तिला सांगणार होते की बाई गं, हा काळजी करत नाही, हा मोजतो. पण नव्या नवरीला कशाला घाबरवायचं म्हणून गप्प बसले.

झांजा त्याच्याकडे आल्या त्याही अपघातानेच. शाळेच्या बँडमध्ये वाद्यं वाटली त्या दिवशी दादाला ताप होता. दुसऱ्या दिवशी गेला तर बासऱ्या गेलेल्या, बिगुल गेलेले, साधा ढोलसुद्धा गेलेला. कपाटाच्या तळाशी झांजांची एक जोडी उरली होती, तिला चामड्याचे पट्टेही नव्हते. बाबांनी जुन्या पिशवीचे बंद कापून लावून दिले. बँडच्या मास्तरांनी महिनाभर ऐकलं आणि आईला म्हणाले, "तुमचा मुलगा फार वरचा आहे. वाजवणारे मला पोत्याने मिळतात, न वाजवणारा मिळत नाही." आईला हे कौतुक आहे की तक्रार ते कळेना. ती घरी येऊन म्हणाली, "काहीतरी चांगलं बोलले असावेत, पाठीवर थाप मारली."

मी त्याच सभागृहात कागदांच्या खोलीत काम करते. बावीस वर्षं झाली. तालमीआधी प्रत्येकाच्या स्टँडवर त्याचा कागद ठेवायचा, नंतर गोळा करायचा, आणि पेन्सिलीने जे जे लिहिलंय ते खोडायचं. वाजवणारे लोक कागदावर काय काय लिहितात ते मला विचारा. "इथे श्वास घे." "इथे काडीवाल्यांकडे बघ." "भूक लागली." काडीवाले म्हणजे आमचे संचालक. त्यांना कंडक्टर म्हणावं तर बसमधला आठवतो, म्हणून त्यांच्या हातातल्या काडीवरून त्यांचं नाव पडलं. लांब गप्प बसणारे सगळे आपल्या सोयीसाठी खुणा लिहून ठेवतात, ओबोची पिपाणी थांबली की बारा घरं, हॉर्न आले की चार. दादाचा कागद मात्र कोरा. खूण लिहिणं म्हणजे त्याच्या लेखी परीक्षेत कॉपी करणं. त्याच्या कागदावर मी बावीस वर्षांत खोडरबर लावलेलं नाही.

तर असा हा माणूस यंदा चुकायला लागला.

पहिल्यांदा चुकला तो तालमीत. झांज पडायची तिथे पडलीच नाही. काडीवाल्यांनी हात थांबवला, सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दादा खुर्चीत बसलेला, हात मांडीवर, अंगठे थांबलेले. "माफ करा," म्हणाला. नगारेवाला तर त्याच्यापेक्षा जास्त ओशाळला, कारण तोही दादाच्या भरवशावर चुकला होता. एखादी चूक होते, म्हटलं होऊ दे. पण पंधरा दिवसांनी, लोकांसमोर, दादाने सळई दोन घरं आधी वाजवली. सगळा वाद्यवृंद हळू आवाजात चाललेला, आणि मध्येच टिंग! पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समध्ये फोन शोधायला सुरुवात केली. मला पडद्यामागे हसू आलं, आणि लगेच मी ते आवरलं. कारण मला आई आठवली.

आई विणकाम करायची. मोजून टाके घालायची, बोलता बोलता, दुसरीकडे बघत, एक टाका इकडचा तिकडे नाही. तिचा विसराळूपणा सुरू झाला तो टाक्यांपासून. एका हिवाळ्यात तिने माझ्यासाठी स्वेटर विणला, त्याची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब. आम्ही खूप हसलो. पुढच्या वर्षी ती माझं नाव विसरली. तेव्हापासून आमच्या घरात मोजणं चुकलं की मी हसत नाही.

दादाला मी लगेच काही बोलले नाही. बोलायचं तरी काय? वहिनीला बोलले. ती एका दवाखान्यात औषधं देते, तिला अशा गोष्टी कळतात. ती म्हणाली, "वन्सं, मला वाटलं मलाच दिसतंय. परवा वाटाणे सोलत होते. मी विचारलं किती झाले, तर म्हणाले, मोजले नाहीत."

मोजले नाहीत! दादाने!

त्यात तिसरी चूक झाली, तीही भर कार्यक्रमात. दादा झांजा घेऊन उभा राहिला, हात उघडले आणि तसाच राहिला. झांज पडली नाही, नुसता वारा गेला. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक बाईंनी त्याला बोलावलं. बाई वाईट नाहीत, पण त्यांच्यापुढेही प्रश्न होताच. त्या म्हणाल्या, "या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपण लांबडा घेतोय. त्यात तुमची एकच झांज आहे, पण ती चुकली तर सगळा तुकडाच पडतो. ती नीट झाली तर मी काही बोलणार नाही. नाहीतर पुढच्या हंगामात तुम्ही कागदांच्या खोलीत काम बघा, तुमच्या बहिणीच्या हाताखाली."

बहिणीच्या हाताखाली! दादाने मला हे सांगितलं तेव्हा हसून सांगितलं, पण त्याचे कान लाल झाले होते. लांबडा म्हणजे आमच्याकडचा एक फार मोठा आणि फार संथ तुकडा. खरं नाव इतकं लांब की फलकावर दोन ओळी लागतात. त्यात दादा दोनशे बारा घरं गप्प असतो. जवळजवळ पंधरा मिनिटं. मग दोनशे तेराव्या घरात, सगळा वाद्यवृंद कडेलोटाला आलेला असताना, एक झांज. झाली तर त्याची जागा टिकणार. चुकली तर एकतीस वर्षांचा मोजणीदार उरलेलं आयुष्य माझ्याबरोबर खोडरबर फिरवणार. आणि मला त्याच्या जागेपेक्षा त्याच्या डोक्याची भीती होती. जागा गेली तर माणूस जगतो. आईचं जे झालं ते मी जवळून पाहिलेलं.

शेवटी मी आणि वहिनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. घेऊन गेलो म्हणजे एकीने एक दंड धरला आणि दुसरीने दुसरा. तो सारखा म्हणत होता, "अरे, मला काही झालेलं नाही. काय झालंय ते मला माहीत आहे." मी म्हटलं, "माहीत आहे तर सांग." तर गप्प. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही त्याची जुनी खोड.

डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी दादाला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. दादाने सेकंदकाट्यासकट काढलं. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले, दादाने पाचही सांगितले, वर उलट्या क्रमानेही सांगितले. "शंभरातून सात वजा करत जा," डॉक्टर म्हणाले. दादा त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत असा सुटला की डॉक्टरांना कागदावर मागे राहावं लागलं. शेवटी दोनवर येऊन थांबला आणि नम्रपणे म्हणाला, "पुढे उणे पाच. जाऊ का?"

"नको," डॉक्टर म्हणाले. "तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय. मग तुम्ही चुकता कधी?"

दादा आमच्याकडे बघेना. छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हसणार नाही ना कोणी?"

"दादा, सांग आता," मी म्हटलं.

"मी ऐकत बसतो," दादा म्हणाला.

कोणालाच काही कळेना. मग त्याने सांगितलं. यंदा हंगामाच्या सुरुवातीला सभागृहाचं छप्पर मागच्या डाव्या कोपऱ्यात गळायला लागलं, म्हणून झांजा, ढोल, नगारे सगळं उचलून उजवीकडे नेलं होतं. मीच स्टँड हलवले होते. एकतीस वर्षं दादा डाव्या कोपऱ्यात ट्रॉम्बोनच्या, म्हणजे लांब नळीच्या कर्ण्यांच्या, पाठीमागे बसला. तिथे ट्रॉम्बोन वाजले की बाकी जगात काही आहे हेच कळायचं नाही, आणि ते थांबले की शेजारच्या पाइपात पाणी गुरगुरायचं. आता तो उजवीकडे आला होता. समोर माणसाएवढ्या व्हायोलिनसारखे आठ डबल बास, त्यांच्यापुढे त्याहून लहान चेलो.

"मला वाटायचं लांबड्यात नुसतं पों पों आहे," दादा म्हणाला. "तुम्हाला खोटं वाटेल डॉक्टर, पण मी तो तुकडा चाळीस वेळा वाजवलाय आणि ऐकला एकदाही नाही. यंदा पहिल्या तालमीत कळलं, मधे सगळे थांबतात तेव्हा आठ बास अगदी खालून एक सूर धरतात. इतका हळू की आधी पायाला लागतो, मग कानाला. मग तो चेलोकडे जातो. मग वर वर चढतो. मी मोजत होतो, एकोणसाठ, साठ, एकसष्ट... आणि मग बाकीचं राहिलंच. लक्षात आलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते."

त्याला जरा दम लागला होता, इतकं सलग तो कधी बोलत नाही. "माझी झांज त्या सुराचं उत्तर आहे," तो म्हणाला. "एकतीस वर्षं मी उत्तर देत होतो, प्रश्न काय ते ऐकलंच नव्हतं."

माझा जीव भांड्यात पडला. आणि पडल्याबरोबर मला असा काही राग आला की विचारू नका. "दोन महिने!" मी ओरडले. "दोन महिने आमच्या घशाखाली घास उतरत नाहीये, मी रात्र रात्र आईची कागदपत्रं काढून वाचतेय, आणि तू गाणं ऐकत होतास? आधी बोलायला काय झालं होतं?"

"लाज वाटली," दादा म्हणाला. "एवढी वर्षं संगीतात काढली म्हणून लोक नमस्कार करतात. त्यांना काय सांगू, की मला गाणं आत्ता आवडायला लागलंय?"

वहिनी एकदम हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, पर्समध्ये रुमाल सापडेना, डॉक्टरांनी टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा पुढे केला. "याला औषध?" तिने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि असतं तरी मी दिलं नसतं."

त्या दिवशी आम्ही तिघं चालत घरी आलो. मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले आणि दुपारी चक्क झोपले. भीती गेली की माणूस किती हलका होतो ते मला त्या दिवशी कळलं. जिन्यात दादा पुढे होता, मी मागून विचारलं, "किती पायऱ्या?" तो म्हणाला, "बावीस. त्या मी मोजणारच, त्यांच्यात ऐकण्यासारखं काही नाही."

पण रविवार तसाच होता. ऐकायला लागला की मोजणं चुकतं आणि मोजायला लागला की ऐकणं राहतं, दादाला दोन्ही एकदम जमेना. वहिनीने कानात कापूस घालायला सांगितलं. घातला. पण आठ बासचा सूर जमिनीतून पायात चढतो, त्याला कापूस काय करणार? मी म्हटलं, "लोकांसारखी खूण लिही कागदावर. मी कोणाला सांगणार नाही, आणि नंतर खोडायचं काम माझंच आहे." त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी चोरी करायला सांगितली.

मग त्याने वेगळंच केलं. मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "ठमे, लांबड्याचं पूर्ण पुस्तक दे." पूर्ण पुस्तक म्हणजे ज्यात सगळ्यांचे सूर एकाखाली एक असतात, ते फक्त काडीवाल्यांसाठी. एकतीस वर्षांत त्याने ते मागितलं नव्हतं. मी दिलं. तो माझ्या टेबलाच्या टोकाला बसला, चहा बाजूला निवत ठेवून पानं उलटत राहिला. मध्येच म्हणायचा, "हे बघ, इथे हॉर्न तोच सूर उलटा वाजवतात. नालायक! इतकी वर्षं एकत्र चहा पितोय, एकदा बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी परत आला, तिसऱ्या दिवशीही. लांबडा संपला तर बाकीचे मागायला लागला. ज्या ज्या तुकड्यांत तो गप्प बसला होता ते सगळे. खोलीतल्या जुन्या रेकॉर्डप्लेयरवर लावायचा आणि पुस्तकात बोट ठेवून ऐकायचा. "यात हे आहे?" "अगं, इथे नुसती एक बासरी आहे, बाकी सगळे थांबलेत, आणि मी काय करत होतो? चौतीस मोजत होतो!" सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण शाळेच्या पहिल्या दिवशीचा चेहरा. मी कागद जुळवत होते, क्लिपा लावत होते, त्याला म्हणत होते, "हो का, बरं." खरं सांगायचं तर मला त्याच्या आनंदाचा आनंद होता, पण कान माझा कामाकडे. मला कुठला कागद कुठल्या खोक्यात आहे ते डोळे मिटून सांगता येतं. त्यातलं एकही मी नीट ऐकलेलं नव्हतं, आणि ते मला तोवर सुचलंही नव्हतं.

शनिवारच्या तालमीत दादाने निमूटपणे मोजलं. कापूस घालून, पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर उचलून धरून, म्हणजे जमिनीतला सूर पायाला लागू नये. झांज बरोबर पडली. काडीवाल्यांनी मान हलवली. नगारेवाल्याने सुस्कारा टाकला. मी पडद्यामागून दादाला अंगठा दाखवला, आणि त्याचा चेहरा पाहिला. परीक्षेत पास झालेला पण पेपर दुसऱ्याने लिहिलेला, असा.

रविवारी दुपारी कार्यक्रम. सभागृह भरलेलं. लांबडा सुरू व्हायच्या आधी मी उजव्या पडद्यामागे उभी राहिले, तिथून दादा चार हातांवर दिसतो. त्याने खिशातून कापूस काढला आणि खुर्चीखाली टाकला. पाय जमिनीवर सपाट टेकले. मग त्याने जे केलं ते पाहून माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पहिल्याच घराला दोन्ही झांजा उचलून हातात धरल्या आणि मांडीवर उभ्या ठेवल्या. बोटं पट्ट्यांत अडकली. आता अंगठा हलवायचा म्हटलं तरी हलणार नव्हता. मोजायचे दोर त्याने स्वतःच कापून टाकले होते.

मला ओरडावंसं वाटलं. ओरडता येत नाही, म्हणून मी मोजायला लागले. त्याच्याच पद्धतीने, डाव्या हाताची पेरं, मग उजव्या हाताचं एक. काडीवाल्यांचा हात खाली आला की एक घर. मला वाटलं, शेवटी निदान इथून खूण तरी करता येईल. बारा. चोवीस. छत्तीस. घामाने अंगठा पेरावरून घसरत होता. एकशे चव्वेचाळीस झाले तेव्हा दादाने डोळे मिटले. मी मनातल्या मनात त्याला दोन शिव्या दिल्या आणि एकशे पंचेचाळीस म्हटलं. एकशे ऐंशी. दोनशे चार. सगळा वाद्यवृंद आता उभाच राहतो की काय असं वाटत होतं, व्हायोलिनच्या काठ्या वर, काडीवाल्यांची टाच उचललेली. दोनशे आठ. दादा उठला. नऊ, दहा, अकरा. बारा. आता!

मी हात उचलला. दादाच्या झांजा जागच्या जागी.

ते एक घर किती लांब होतं ते मी सांगू शकत नाही. मला कागदांची खोली दिसली, दोन खुर्च्या, दोन खोडरबर. आणि मग, सगळा वाद्यवृंद ज्या घरात शिरला त्याच घरात, दादाचे हात उघडले आणि झांज पडली. अशी पडली की माझ्या दातांना कळली. मागे सभागृहाच्या शेवटच्या रांगेत कोणीतरी "हां!" म्हणालं. काडीवाले, जे कधी कोणाकडे बघून हसत नाहीत, ते मागच्या उजव्या कोपऱ्याकडे बघून हसले. भीतीने मी एक घर जास्त मोजलं होतं. दादाने मोजलंच नव्हतं आणि तो बरोबर होता.

मी तिथेच पडद्याच्या दोराजवळ खाली बसले. असं बरं वाटणं आयुष्यात चारपाच वेळाच वाटतं, आणि ते मी मनसोक्त वाटू दिलं.

कार्यक्रमानंतर काडीवाले मागे आले. "आज काय वेगळं केलंत?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "काही नाही. बसलो होतो." व्यवस्थापक बाई लांबूनच म्हणाल्या, "पुढच्या हंगामात इथेच बसा, उजवीकडे. छप्पर दुरुस्त झालं तरी." नगारेवाला मात्र तक्रार करत होता, "तुमचे अंगठे दिसेनात, माझं काय झालं असेल विचार केलात?"

सगळे गेल्यावर मी कागद गोळा करायला लागले. दादा झांजा पुसत होता. "कसं वाटलं तुला?" त्याने विचारलं.

"माझा जीव गेला होता," मी म्हटलं. "मी एक घर जास्त मोजलं."

"तू मोजत होतीस?"

"मग कोण मोजणार? तुझे हात तर अडकलेले!"

"सगळी दोनशे बारा?"

"सगळी."

दादाचा हात झांजेवर थांबला. "म्हणजे तू ऐकलंच नाहीस," तो म्हणाला. थट्टेने नाही. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, जसं कोणी जेवायला येऊन उपाशी गेलं.

मी हातातले कागद उगाच पुन्हा जुळवायला लागले. मला आईची शेवटची दोन वर्षं आठवली. मी रोज संध्याकाळी तिच्यापुढे बसायचे आणि विचारायचे, आज वार कोणता, हा कोण, मी कोण, खिडकीबाहेर काय आहे. दहा प्रश्न. वहीत लिहायचे, आज सहा, आज चार. दादा नुसता तिच्या शेजारी लोकरीचा गुंडा करत बसायचा आणि ती जे बोलेल त्याला "मग?" म्हणायचा. दादाला अजून तिची वाक्यं पाठ आहेत. मला तिचे मार्क आठवतात.

त्याने हे ओळखलं की नाही मला माहीत नाही. म्हणाला, "मंगळवारी परत लांबड्याची तालीम आहे, पुढच्या महिन्यात तो पुन्हा घ्यायचाय. ये, माझ्यामागे बस."

"मला कामं असतात."

"असू देत."

मंगळवारी मी डबल बासच्या मागे, दादाच्या खुर्चीला लागून एक स्टूल टाकलं. लांबडा सुरू झाला. पहिल्या घराला माझा डावा अंगठा आपोआप पहिल्या पेरावर गेला. दादाने मागे न बघता ते पाहिलं, कसं ते त्यालाच ठाऊक. त्याने दोन्ही झांजा माझ्या हातात दिल्या, पट्टे माझ्या बोटांत अडकवले आणि कानाशी पुटपुटला, "धर. वेळ आली की घेतो. आणि खबरदार वाजवलीस तर."

झांजा जड असतात. मी त्या मांडीवर उभ्या धरल्या आणि बसले. हात अडकलेले, काम काही नाही, मोजायची सोय नाही. बराच वेळ मला नुसती सगळ्यांची डोकी दिसत होती आणि कुठला कागद वाकडा ठेवलाय ते दिसत होतं. मग सगळे थांबले, आणि माझ्या चपलेच्या तळव्याला काहीतरी लागलं. आठ बास. दादा म्हणाला होता तसंच, आधी पायाला. मग तो सूर चेलोकडे गेला, मग वर. मला रडू आलं पण पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तसंच येऊ दिलं. पुढे किती घरं गेली ते मला विचारू नका.

केव्हातरी दादा उठून उभा राहिला आणि झांजा घ्यायला हात मागे केला. त्याच्या आधीच मी त्या पुढे धरल्या होत्या.